होडीच्या आकाराची दानपेटी

तरावीह संपली की आमच्या मशिदीत आणखी पाच मिनिटं कुणी उठत नाही. तरावीह म्हणजे रमजानच्या महिन्यात रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर पढली जाणारी जादा नमाज. दिवसभराचा रोजा, त्यावर तासाभराची उभं राहून केलेली इबादत. पाय भरून आलेले असतात. तरीही लोक बसून राहतात, कारण जमातीचे सेक्रेटरी हातात कागद घेऊन उभे राहतात. एका मदरशाचं छप्पर उडालंय. एका मुलीची नर्सिंगची फी भरायचीय. अमुक गल्लीतल्या अमक्याला डायलिसिस लागलंय. कागद वाचून होईतो सफांमधून रुमाल फिरू लागतो आणि त्यात नोटा पडू लागतात. दहा रुपये टाकणारा आणि पाच हजार टाकणारा एकाच पद्धतीनं मूठ मिटून टाकतो. कुणी किती दिले, हे शेजारच्यालाही कळू नये, असा रिवाज आहे.

लहानपणापासून हा रुमाल मी पाहत आलोय. त्याचा मला अभिमानही आहे. पण सात वर्षांपूर्वीच्या रमजानपासून तो समोर आला की एक प्रश्न मनात येतो. आज तोच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचाय.

माझी फूफी, म्हणजे वडिलांची बहीण, खाडीतल्या एका जुव्यावर राहायची. खाडीच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटाला कोकणात जुवं म्हणतात. राजापूरच्या खाडीतलं जुवे-जैतापूर पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. गोव्यात मांडवीच्या पात्रातलं दिवाडी बेट तर अजूनही फेरीबोटीवरच चालतं. फूफीचं जुवं त्याहून लहान. तीस-पस्तीस घरं, मुसलमानांची, भंडाऱ्यांची, गाबितांची. दुकान एक, शाळा चौथीपर्यंत, दवाखाना नाही.

त्या रात्री सहेरीच्या तयारीला उठलेल्या फूफीच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात जड झाला. तिच्या मुलानं १०८ ला फोन लावला. गाडी आली, वेळेत आली आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर दिवा फिरवत उभी राहिली. अलीकडे फूफीला होडीत झोपवलं होतं आणि होडी चिखलात बसली होती. ओहोटी होती. तांडेल आणि गावातली दोन पोरं मांडीएवढ्या गाळात उतरून होडी रेटत होती.

“पाणी नाय,” तांडेल म्हणाला. “भरती चढल्याबिगर होडी हलायची नाय.”

भरती चढायला अडीच तास होते. बेटाच्या दुसऱ्या अंगाला, खोल पाण्याच्या बाजूला, एक इंजिनवाली होडी होती. ओहोटीतही ती चालली असती. पण तिचं इंजिन तीन वर्षांपासून बंद होतं. दुरुस्तीसाठी वर्गणी काढायचं दर गणपतीत ठरायचं, दर ईदेला ठरायचं, आणि राहून जायचं. फजरची अजान झाली तेव्हा फूफी होडीतच होती. पण आता तिला कसलीच घाई नव्हती.

त्यानंतर जे झालं ते मी विसरू शकत नाही. कफन, कबर, बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय, या सगळ्याचे पैसे तासाभरात जमले. मागावे लागले नाहीत. भंडारवाड्यातूनही आले. जे पैसे तीन वर्षांत इंजिनासाठी जमले नव्हते, त्याहून जास्त त्या एका सकाळी जमले. देणारे तेच होते, खिसेही तेच होते.

दफनविधीनंतर मशिदीच्या पायरीवर माझे एक चाचा बसले होते. तरुणपणी ते बोटीवर होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतला एक तरी पुरुष परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून गेलेला असतो. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “टिलबरीच्या गोदीत एक दानपेटी असायची. होडीच्या आकाराची, निळी-पांढरी. बोट लागली की आम्ही तिच्यात एक पेनी टाकायचो. कुणासाठी, ते ठाऊक नसायचं. अजून बुडालाच नव्हता ना तो.”

अजून बुडालाच नव्हता. चाचांचं ते वाक्य मला आपल्या रुमालाजवळून उचलून दूरच्या बेटांपर्यंत घेऊन गेलं.

मॅन बेटावरचा माणूस

ती पेटी ब्रिटनमधल्या जीवरक्षक नौका चालवणाऱ्या संस्थेची, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनची. तिची कल्पना निघाली तीही एका बेटावरच. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथल्या डग्लस बंदरात सर विल्यम हिलरी नावाचा गृहस्थ राहायचा. वादळात जहाजं किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत खडकावर फुटायची आणि काठावरचे लोक हळहळत उभे राहायचे. कुणाकडे धाडस असायचं, पण होडी नसायची. होडी असली तर त्या लाटांत टिकेल अशी नसायची. हिलरी स्वतः अशा बचावांत उतरला होता. त्याच्या लक्षात आलं की, हळहळणाऱ्यांची कमतरता नाही. कमतरता आहे ती वादळाच्या आधीच तयार ठेवलेल्या होडीची आणि तिच्यावर बसायला शिकलेल्या माणसांची.

१८२३ साली त्यानं देशवासीयांना उद्देशून एक आवाहन छापलं. ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये सभा भरली आणि संस्था उभी राहिली. आज तिला दोनशे वर्षं होऊन गेलीत. हिलरी नुसता आवाहन करून थांबणारा नव्हता. १८३० साली ‘सेंट जॉर्ज’ नावाचं टपालाचं जहाज डग्लसच्या उपसागरात खडकावर चढलं, तेव्हा साठीला टेकलेला हा माणूस स्वतः नौकेत बसला. लाटेनं त्याला बाहेर फेकलं, बरगड्या मोडल्या. पण जहाजावरचे सगळे वाचले.

त्याच उपसागरात कॉनिस्टर नावाचा एक खडक आहे. भरतीला तो जवळजवळ पाण्याखाली जातो. त्यावर अडकलेल्या खलाशांना निदान जीव मुठीत धरून थांबायला जागा मिळावी, म्हणून हिलरीनं लोकवर्गणी काढून तिथे १८३२ साली एक बुरूज बांधला. त्यात पाव आणि गोडं पाणी ठेवलेलं असायचं. कोण येणार, कधी येणार, कुठल्या देशाचा असणार, काहीच ठाऊक नाही. तरी पाव ठेवलेला. इफ्तारच्या वेळी रस्त्यावर टेबल मांडून अनोळखी वाटसरूंसाठी खजूर आणि पाणी ठेवणाऱ्या आमच्या पोरांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती त्यांना लगेच समजली.

काठीला बांधलेली थैली

पण सुरुवातीचा उत्साह ओसरला की वर्गणीचं काय होतं, हे मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या संस्थेचंही तेच झालं. पंचविसेक वर्षांत देणग्या आटल्या. पुढे सावरल्या, तरी बराचसा पैसा थोड्या श्रीमंतांकडूनच येत राहिला.

डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ नावाचं जर्मन जहाज इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ वादळात सापडलं. त्याच्या मदतीला गेलेल्या नौकांपैकी दोन उलटल्या आणि साउथपोर्ट व सेंट अ‍ॅन्स या गावांचे २७ स्वयंसेवक बुडाले. ते बहुतेक मच्छीमार होते. मागे विधवा आणि पोरकी मुलं राहिली. चार्ल्स मकारा नावाच्या कापडउद्योजकानं त्यांच्यासाठी मदत गोळा करायला घेतली आणि तेव्हा त्याला दिसलं की, आपल्या गिरणी-शहरांतल्या लाखो माणसांकडे कुणी कधी मागायलाच गेलेलं नाही.

ऑक्टोबर १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवरून बँडबाज्यासह जीवरक्षक नौकांची मिरवणूक निघाली. समुद्र न पाहिलेल्या शहरात गाड्यांवर चढवलेल्या खऱ्या होड्या! आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीला जशी गर्दी लोटते तशी लोटली. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आणि ट्रामच्या टपावरून बघणाऱ्यांपर्यंत पोचायला स्वयंसेवकांनी लांब काठ्यांना थैल्या बांधल्या होत्या. एका दिवसात पाच हजार पौंडांहून जास्त जमले, आणि त्यातले बहुतेक सुट्ट्या नाण्यांत. रस्त्यावर फिरून दान गोळा करण्याची आधुनिक पद्धत तिथून सुरू झाली, असं मानतात. मकाराच्या पत्नी मॅरियन यांनी पुढे स्त्रियांची मंडळं उभी केली आणि वर्गणी हा त्या दिवसापुरता सोहळा न राहता वर्षभराचं काम झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २७ माणसं गेली तेव्हा लोकांनी दिलं, यात नवल नाही. तसं आपणही देतो. मकारानं पुढचं पाऊल टाकलं. जे गेले त्यांच्यासाठी उघडलेले खिसे त्यानं जे अजून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी उघडे ठेवले.

सिली बेटांवर आजारी पडणं

आता इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला जाऊ. जमीन जिथे संपते त्या लँड्स एंडपासून सुमारे ४५ किलोमीटर आत समुद्रात सिली बेटं आहेत. पाच बेटांवर वस्ती. सगळी मिळून माणसं दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम गाव. हिवाळ्यात नर्गिसच्या जातीची फुलं पिकवायची, उन्हाळ्यात पर्यटकांना सांभाळायचं, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. मोठी प्रवासी बोट हिवाळ्यात बंद असते आणि धुकं उतरलं की विमानंही.

सेंट मेरीज या मोठ्या बेटावर लहानसं रुग्णालय आहे. डॉक्टर आहेत, सरकारी आरोग्यसेवा आहे. पण हृदयविकाराचा मोठा झटका, डोक्याला मार, अडलेली मोठी शस्त्रक्रिया यांसाठी समुद्र ओलांडून कॉर्नवॉललाच जावं लागतं. शिवाय इतर चार बेटांवरच्या रुग्णाला आधी सेंट मेरीजला आणायचं तेही पाण्यातूनच. म्हणून तिथे अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे चार चाकांची गाडी नाही, तर रुग्णाला घेऊन जाणारी नौका आहे. लहान बेटांवर प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेले गावकरीच नौका येईपर्यंत रुग्णाजवळ थांबतात. हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका मिळायला जेवढी मिनिटं उशीर, तेवढी दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. बाहेरून मदत येईपर्यंतची मिनिटं शेजाऱ्याच्याच हातात असतात.

आणि आकाशातून येणारी मदत? १ एप्रिल १९८७ रोजी कॉर्नवॉलमध्ये ब्रिटनमधली पहिली खास हेलिकॉप्टरची हवाई अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली. सिली बेटं तिच्याच हद्दीत येतात. हे हेलिकॉप्टर लोकांच्या देणग्यांवर उडतं. जुने कपडे विकणारी दुकानं, गावागावातल्या धावण्याच्या शर्यती, चहा-केकचे स्टॉल, शाळेतल्या मुलांनी जमवलेली चिल्लर आणि एक साप्ताहिक लॉटरी. लॉटरी आमच्या धर्मात चालत नाही, ती तेवढी सोडून द्या. बाकी यादी आपल्या कुठल्याही मंडळाला करता येईल अशी आहे. काही वर्षांपूर्वी अधिक मोठं आणि वेगवान हेलिकॉप्टर घेण्यासाठी २५ लाख पौंड जमवायची मोहीम निघाली, ती पुरी झाली आणि २०२० मध्ये ते सेवेत आलं. त्यानंतर दुकानं बंद झाली नाहीत, शर्यतीही थांबल्या नाहीत. कारण हेलिकॉप्टर एकदा विकत घ्यावं लागतं. इंधन मात्र प्रत्येक उड्डाणाला लागतं.

धुक्यात हेलिकॉप्टर उडू शकत नाही, तेव्हा जुनी जीवरक्षक नौकाच उपयोगी येते. सेंट मेरीजला पहिली नौका १८३७ साली आली. १६ जुलै १९८३ रोजी धुक्यात बेटांकडे येणारं प्रवासी हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. त्यातले २० जण गेले, ६ जण तरंगत राहिले. त्यांना पाण्यातून उचललं ते सेंट मेरीजच्या नौकेनं. तिचा तांडेल होता मॅथ्यू लेथब्रिज. त्याच्याआधी त्याचे वडील आणि आजोबाही त्याच नौकेचे तांडेल होते. तीन पिढ्या. एरवी बेटावरची साधी कष्टाची कामं करणारी माणसं. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून धक्क्यावर.

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या सार्क बेटाची गोष्ट आणखी साधी आहे. तिथे मोटारींना बंदी आहे; सायकल, घोडागाडी आणि ट्रॅक्टर एवढंच चालतं. म्हणून तिथली अ‍ॅम्ब्युलन्स ट्रॅक्टर ओढतो. ऐकायला गंमत वाटते, पण बेटावरच्या रस्त्यांना आणि खिशाला जे झेपलं, ते त्यांनी उभं केलं. काचेची चकचकीत गाडी येईपर्यंत वाट बघत बसले नाहीत.

बुडणारा कुणाचा?

१८२४ च्या त्या पहिल्या सभेतच एक ठराव झाला होता: वाचवायचं ते कुठल्याही राष्ट्राच्या माणसाला, शांततेत आणि युद्धातही. फ्रान्सशी चाललेली लढाई संपून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की त्या ठरावाचं वजन कळतं.

या ठरावाची परीक्षा अगदी अलीकडेही झाली. २०२१ साली लहान रबरी होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या निर्वासितांना वाचवल्याबद्दल संस्थेवर राजकीय टीका झाली. परक्यांना उचलून आणणारी टॅक्सी, अशी तिची हेटाळणी झाली. संस्थेनं एवढंच सांगितलं की, बुडणाऱ्याला आम्ही तो कोण म्हणून विचारत नाही. त्यानंतर देणग्या घटल्या नाहीत, उलट एकदम वाढल्या.

आमच्या फूफीची होडी रेटणारा तांडेल गाबित होता. त्या रात्री चिखलात उतरताना त्यानं काही विचारलं नव्हतं. सबंध कोकणपट्टीवर पाण्याचा हा कायदा आहे आणि तो कुणी लिहून ठेवलेला नाही. पैसे गोळा करताना मात्र आपण तो विसरतो. आमची जमात, तुमचं मंडळ, त्यांची समाजसंस्था. प्रत्येकाची वेगळी पावतीपुस्तकं. ओहोटी मात्र सगळ्यांना एकाच वेळी लागते.

आमच्या धर्मात हे आहे का?

हा प्रश्न मला मशिदीतल्या तरुणांनी विचारला, म्हणून थोडं त्याविषयी. इतर धर्मांच्या वाचकांनाही रमजानच्या या दानधर्माविषयी कुतूहल असतं.

ठरावीक मर्यादेहून जास्त बचत वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्यानं तिच्यातले अडीच टक्के काढायचे, ती जकात. ती सक्तीची आहे आणि कुणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुरआननं ठरवून दिले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला वगैरे. बहुतेक फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या मते जकातीचा पैसा हक्कदार माणसाच्या हाती पडला पाहिजे; त्यातून पूल, इमारत किंवा सर्वांची होडी घेता येत नाही. गरीब रुग्णाचं बिल भागवायला मात्र ती त्याला देता येते. तेव्हा जकातीबाबत आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावं. ईदच्या नमाजआधी द्यायचा फित्रा गरिबाच्या घरी ईद व्हावी म्हणून असतो, तोही त्याचाच.

पण याखेरीज सदका आहे, स्वेच्छेचं दान. आणि त्यातही सदका-ए-जारिया, म्हणजे वाहतं राहणारं दान; देणारा गेल्यावरही ज्याचं पुण्य थांबत नाही, असं पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितलं आहे. मदीनेत गोड्या पाण्याची टंचाई होती तेव्हा हजरत उस्मान यांनी रूमा नावाची विहीर तिच्या यहुदी मालकाकडून विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. हजरत उमर यांना खैबरला उत्तम जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सुचवलं की मूळ जमीन राखावी आणि तिचं उत्पन्न दान करावं. वक्फ या व्यवस्थेचं हे मूळ. मुद्दल हलवायचं नाही, त्याचं फळ वाटत राहायचं. पुढे कैरोत १२८४ मध्ये सुलतान कलावून यांनी बांधलेलं मोठं रुग्णालय अशाच वक्फच्या उत्पन्नावर चाललं. गरीब-श्रीमंत सगळ्यांवर तिथे मोफत उपचार व्हायचे.

आणि तातडीच्या उपचाराबद्दल म्हणाल, तर इ.स. ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईच्या वेळी मदीनेच्या मशिदीतच एक तंबू होता. हजरत रुफैदा या बाई त्यात जखमींची शुश्रूषा करायच्या. जखमी आल्यावर तंबू शोधायला कुणी धावलं नव्हतं. तंबू, पाणी आणि जखम बांधायला शिकलेली बाई आधीच हजर होती.

आणखी एक साम्य मला विलक्षण वाटतं. त्या लाइफबोट संस्थेच्या दर दहापैकी सहा फेऱ्यांचा खर्च मरणाऱ्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून भागतो. आमच्या शरीयतनंही प्रत्येकाला आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करायची मुभा दिली आहे, उरलेलं वारसांचं. हा अधिकार किती जण वापरतात? किती जणांना ठाऊक तरी आहे?

चेहरा नसलेलं दुःख

आमच्या लोकांचा हात आखडता नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आजारी बाळाचा फोटो आला की एका रात्रीत लाखभर जमतात. अडचण अशी की, आपल्याला चेहरा लागतो. फोटो, नाव, गाव, हॉस्पिटलचं बिल. आणि ज्याला अजून झटका आलेलाच नाही, त्याचा फोटो कुठून आणायचा?

दुसरी अडचण नावाची. रुग्णवाहिका दान करायला दाता मिळतो, कारण तिच्या काचेवर नाव रंगवता येतं. डिझेलवर नाव रंगवता येत नाही. ड्रायव्हरच्या पगारावर, ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरवर, दर वर्षी बदलायच्या बॅटरीवर कुणाच्या वडिलांचं नाव घालणार? मी एका गावात मशिदीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली रुग्णवाहिका पाहिली आहे. दोन टायर बसलेले. काचेवरचं नाव मात्र ठळक. तीच गोष्ट एका देवस्थानाच्या आवारातही पाहिली.

सरकारचं काम सरकारनं केलंच पाहिजे. धक्का बांधणं, गाळ काढणं, आरोग्य केंद्रात डॉक्टर ठेवणं, यासाठी अर्ज, मोर्चे, पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे. सिलीतही रुग्णालय आणि डॉक्टर सरकारीच आहेत. लोकवर्गणी त्याऐवजी नव्हे, तर फोन लावल्यापासून मदत पोचेपर्यंतच्या मोकळ्या जागेसाठी आहे. फूफीच्या बाबतीत ती जागा एका खाडीएवढी रुंद आणि अडीच तासांएवढी लांब होती.

त्या वर्षीची ईद झाल्यावर जुव्यावर बैठक झाली. शाळेच्या पडवीत, मशिदीत नाही, मंदिरात नाही. चाचांनी तिथे दानपेटीची गोष्ट सांगितली. ठरलं ते फार मोठं नव्हतं. इंजिन दुरुस्त करायचं आणि होडी कायम खोल पाण्याच्या बाजूलाच बांधायची. रात्रीच्या पाळीचे तांडेल ठरवून त्यांची नावं आणि फोन नंबर दुकानाच्या भिंतीवर लिहायचे; शेजारी भरती-ओहोटीचा तक्ता. घडीचा स्ट्रेचर घ्यायचा, आणि धक्क्याच्या पायऱ्यांवरून तो खरोखर उतरतो का, ते आधी एखाद्या धडधाकट माणसाला झोपवून बघायचं. दहा जणांनी छाती दाबून श्वास चालू ठेवायचं शिक्षण घ्यायचं. त्यात निम्म्या बायका असाव्यात, कारण दिवसा गावात त्याच असतात. आणि दर महिन्याला प्रत्येक घरामागे एक ठरावीक लहान रक्कम. ज्या महिन्यात काहीच घडणार नाही, त्या महिन्यातही.

शेवटची अट सगळ्यांत जड गेली. सहा महिने काही झालं नाही की लोक म्हणू लागतात, पैसे कशाला? तेव्हा चाचा म्हणायचे, काही झालं नाही यासाठीच अल्लाचे शुक्र म्हणून टाका. हिशेब दर महिन्याला दुकानाच्या भिंतीवर लागतो. डिझेल इतकं, तेल इतकं, शिल्लक इतकी. त्या यादीत दात्यांची नावं नसतात.

होडी त्यानंतर रात्री-अपरात्री कितीदा तरी गेली. एका बाळंतिणीला, सर्पदंश झालेल्या एका मुलाला, दम लागलेल्या एका म्हाताऱ्या भटजींना घेऊन. सगळेच वाचले असं नाही. पण चिखलात बसून भरतीची वाट बघावी लागली, असं पुन्हा झालं नाही.

रमजानचे शेवटचे दहा दिवस आता समोर आहेत. या दिवसांत आमच्याकडे हात सगळ्यांत मोकळा होतो. मी एवढंच मागतोय: जकात हक्कदाराला द्या, फित्रा वेळेवर द्या, समोर आलेल्या दुखण्यालाही द्या. आणि त्यानंतर एक नोट अशाही माणसासाठी ठेवा, ज्याचं दुखणं अजून आलेलं नाही आणि ज्याचं नाव, जात, धर्म आपल्याला ठाऊक नाही. तुमच्या गावातली एखादी रुग्णवाहिका ताडपत्रीखाली उभी असेल, तर नवी घेऊ नका. तिच्या डिझेलचं बघा.

चाचा गेल्या वर्षी वारले. जुव्यावरच्या दुकानात गल्ल्याशेजारी सुताराकडून करून घेतलेली एक लाकडी पेटी आहे. होडीच्या आकाराची. रंग निळा-पांढरा. तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही. नवा माणूस दुकानदाराला विचारतो, ही कुणासाठी?

दुकानदार गाबित आहे. तो सांगतो, “अजून ठरलं नाय.”